आज्जीला साल कुठल्या भाषेत विचारायचं?

बेळगावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत असावी यावर मोर्चे निघतात. सरकारी परिपत्रकं मराठीतून मिळावीत म्हणून निवेदनं दिली जातात. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. यातलं काहीच गैर नाही. पण धाप लागलेल्या ऐंशी वर्षांच्या आज्जीला दवाखान्यात "ईग याव वर्ष?" (आता कुठलं साल?) असं कन्नडमध्ये विचारलं जातं आणि तिच्या गप्प राहण्याचा अर्थ समोरचा माणूस आपल्या परीने लावतो, त्या क्षणाच्या भाषेबद्दल कुणी निवेदन देत नाही. खरं तर पाटीपेक्षा तिथली भाषा जास्त महत्त्वाची आहे, कारण त्या उत्तरावरून आज्जीला घरी पाठवायचं की दाखल करायचं हे ठरतं.

कसं ते बघू. न्यूमोनिया झालेल्या माणसाच्या जिवाला किती धोका आहे याचा पटकन अंदाज घ्यायला सीआरबी-६५ नावाची एक सोपी मोजणी आहे. तिच्यात चार गोष्टी बघतात आणि प्रत्येकीला एक गुण देतात. माणूस नव्याने भ्रमला आहे का. मिनिटाला श्वास ३० किंवा त्याहून जास्त आहेत का. वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा त्याहून कमी आहे का. वय ६५ किंवा पुढचं आहे का. शून्य गुण असले तर मृत्यूचा धोका शंभरात एकाहून कमी. एक किंवा दोन असले तर एक ते दहा. तीन-चार झाले तर दहाच्या वर. रक्तातला युरिया तपासता आला तर त्याचा पाचवा गुण धरतात आणि मोजणीचं नाव कर्ब-६५ होतं. ही मोजणी २००३ साली ब्रिटन, न्यूझीलंड आणि नेदरलंड्समधल्या रुग्णांवरून बसवली गेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नाही. चार गोष्टींवर काम भागतं. घड्याळ, बीपीचं मशीन आणि बोलता येणारं तोंड, एवढंच साहित्य लागतं.

यातला पहिला गुण, भ्रम, हाच सीमाभागात सगळ्यात जास्त चुकतो.

मूळ पद्धतीत भ्रम तपासायला दहा प्रश्नांची एक चाचणी वापरतात. आठ किंवा त्याहून कमी उत्तरं बरोबर आली तर भ्रम धरायचा. प्रश्न इंग्लंडातल्या म्हाताऱ्यांसाठी बेतलेले: पहिल्या महायुद्धाचं साल कोणतं, गादीवर कोण आहे, जन्मतारीख काय. आपल्याकडे जन्मतारखेचं उत्तर आधारकार्डावरची १ जानेवारी, नाहीतर शाळेत गुरुजींनी लावलेली १ जून. महायुद्धाचं सोडूनच देऊ. त्यामुळे ही चाचणी इथे कुणी जशीच्या तशी घेत नाही; नर्स किंवा डॉक्टर दोन-तीन प्रश्न तोंडी विचारतात. ते कन्नडमध्ये विचारले गेले, आणि आज्जी खानापूरच्या पश्चिमेकडच्या एखाद्या वाडीतली, जन्मभर मराठी किंवा कोकणी बोललेली असली, तर दोन प्रकारच्या चुका होतात. एक, तिला प्रश्न कळला नाही म्हणून ती गप्प बसली आणि तिला भ्रम धरला. ही चूक त्यातल्या त्यात बरी. एक गुण जास्त पडेल, दाखल करतील, एखादा दिवस आणि थोडे पैसे जातील. दुसरी चूक जिवावर बेतते: ती खरोखरच भ्रमलेली आहे, पण "त्यांना कन्नड येत नाही, म्हणून बोलेनात" असं म्हणून ते सोडून दिलं जातं.

कारण म्हाताऱ्या माणसाचा भ्रम बहुतेक वेळा शांत असतो. आरडाओरडा नाही, हातपाय झाडणं नाही. माणूस नुसता पडून राहतो, हाक मारली की उशिरा डोळे उघडतो, एका शब्दात उत्तर देऊन पुन्हा झोपतो, गोधडीचा काठ चिवडत बसतो. घरचे सांगतात, "दोन दिवस झाले सुस्त पडलीय, काय खाईना झालीय." हे वाक्य आमच्या मते तापाच्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे. ते केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घ्यायला हवं. "अशक्तपणा" असा एक शब्द लिहिला की त्यातली माहिती गेली.

तिसरी एक चूक आपणच करतो, आणि तिच्यात भाषेचा काही संबंध नाही. प्रश्न आज्जीला विचारला जातो आणि उत्तर मुलगा देतो. "बरी हाय की डॉक्टर, तिला कमी ऐकू येतंय." मुलाचा हेतू चांगलाच असतो, पण गुण मुलाला द्यायचे नाहीत. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवा, चांगल्या कानाच्या बाजूला बसा, तोंड उजेडात ठेवा, तिच्या भाषेत एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि दहा सेकंद थांबा. वय काय? आपण आत्ता कुठं आहोत? ही शेजारी बसलीय ती कोण? साल कुठलं? मग आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. निरक्षर बाईलाही वार येतात, आणि उलटं म्हणायला ध्यान लागतं. भ्रमात आधी तेच तुटतं. (गावाचं नाव बेळगाव सांगितलं काय किंवा २०१४ नंतरचं बेळगावी सांगितलं काय, दोन्ही बरोबर. हा प्रश्न स्मरणाचा आहे.) असे बदललेले प्रश्न विचारले की मूळ चाचणीची आठ-दहाची मोजपट्टी लागू होत नाही, हे मान्य. म्हणूनच घरच्या माणसाला त्याच्या वाट्याचा एक प्रश्न वेगळा विचारायचा: "परवापर्यंत अशीच होती का?" विसराळूपणा महिनोन्‌महिने वाढत जातो, भ्रम एक-दोन दिवसांत येतो आणि सकाळ-संध्याकाळ कमीजास्त होतो. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसातही "कालपासून जास्त झालंय" हे उत्तर धोक्याचं धरायचं.

आता श्वास. कुठल्याही दवाखान्यातल्या दहा केसपेपरवर नजर टाका, श्वासाच्या रकान्यात १८ किंवा २० असेल. दहाही माणसं एकाच गतीने श्वास घेत नसतात. कुणी मोजलेलेच नसतात. तापमान आणि बीपी मशीन सांगतं, श्वास माणसाला बसून मोजावे लागतात, म्हणून ते राहून जातात. आणि न्यूमोनियात सगळ्यात आधी बिघडणाऱ्या गोष्टींपैकी ही एक आहे.

मोजायची रीत अशी. वडापमधून उतरून पायऱ्या चढून आलेल्या माणसाचे श्वास लगेच मोजू नयेत. दहा मिनिटं टेकू द्यावं. गोधडी आणि शाल बाजूला करावी. "श्वास मोजतोय" असं सांगू नये, कारण सांगितलं की माणूस श्वासाची लय बदलतो. नाडी बघतोय अशा बेताने मनगट धरावं, त्या माणसाचा हात त्याच्याच पोटावर ठेवावा आणि आपली नजर त्या हातावर. हात वर गेला, एक. पुरता एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये. तिथे एका श्वासाची चूक झाली की आकडा चारने हलतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वास तसाही एकसारखा नसतो. बोलताना, खोकताना, रडताना मोजू नये. मोजणीत गुण ३० ला पडतो, पण घरी वाट बघत बसायला ३० हा आकडा फार पुढचा आहे. आरामात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे श्वास २५ वर गेले की त्याच दिवशी डॉक्टर. एक वाक्य सलग बोलता येत नाही, मानेचे स्नायू ओढले जातात, असं दिसलं तर आकड्याचीही वाट बघू नये.

तापाबद्दल एवढंच की तो नाही म्हणजे न्यूमोनिया नाही, असं म्हाताऱ्या माणसात मानता येत नाही. वयाबरोबर शरीराची ताप आणण्याची ताकद कमी होते, शिवाय गुडघ्यांसाठी चालू असलेली पॅरासिटामॉल उरलासुरला ताप दाबते. खोकलाही नसू शकतो. त्याऐवजी दिसतं ते असं: दोनदा पडली, अंथरुणात लघवी झाली, जेवण सोडलं, रोज अंगणात येऊन बसणारा आज्जा आज उठलाच नाही. ब्लड प्रेशरसाठी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर नाडीही फारशी वाढत नाही. ज्याचा दाब नेहमी १६० असतो त्याचा १०५ आला, तर मोजणीप्रमाणे गुण पडत नाही, पण त्या माणसासाठी तो कमीच आहे. उलट कडक झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे खालचा दाब ६० च्या आत असणं काही वृद्धांत नेहमीचंच असतं. जुना केसपेपर जपून ठेवायचा तो यासाठी.

या मोजणीला डोळे मिटून मान डोलवावी असं आमचं म्हणणं नाही. तिच्यात दोन मोठी भोकं आहेत. पहिलं, वयाचा गुण. पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाला एक गुण बसल्याबसल्या मिळतो. म्हणजे आपल्या आज्जीच्या बाबतीत मोजणी एकपासून सुरू होते, आणि "एक-दोन" या पट्ट्यात धडधाकट म्हातारा आणि निम्मा खचलेला म्हातारा दोघंही येतात. मग फरक करायचा कसा? घर बघून. बेळगाव शहरात, भाग्यनगरातल्या घरातून रात्री दोन वाजता रिक्षा मिळते. भीमगडच्या जंगलातल्या वाडीवर जुलैत ओढ्याला पाणी चढलं की १०८ ला फोन लागूनही गाडी अलीकडच्या काठावर थांबते. तिथल्या एका गुणाच्या म्हाताऱ्याला ओढा उतरायच्या आत दाखल करणं शहाणपणाचं. घरी कोण आहे, गोळ्या कोण देणार, रात्री उठून कोण बघणार, हे प्रश्न पाश्चात्त्य मार्गदर्शिकांतही "सामाजिक परिस्थिती" या नावाने असतातच. आपल्याकडे ते मुख्य आहेत.

दुसरं भोक म्हणजे प्राणवायू. सीआरबी-६५ मध्ये तो मोजलेलाच नाही. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आहेत, कपाटात सेल संपलेले. सेल घाला. बोट ऊबदार हवं, नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश नको, माणूस शांत बसलेला, आकडा स्थिर व्हायला एक मिनिट द्यायचा. ९४ किंवा त्याहून वर असेल तर ठीक. ९० ते ९३ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. ९० च्या खाली असेल तर मोजणीत एकच गुण असला तरी दवाखाना. सावळ्या कातडीवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून ९३-९४ वर निर्धास्त होऊ नये. जुन्या दमेकऱ्याचा, म्हणजे सीओपीडीच्या रुग्णाचा, नेहमीचाच आकडा ९० च्या आसपास असतो. त्याच्या बाबतीत बरा असतानाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा आणि त्याच्याशी ताडून बघावं.

युरियाचा एक घोळ लॅबच्या कागदावर होतो, तो इथेच सांगून टाकू. पाचव्या गुणाची मर्यादा ७ मिलिमोल आहे. आपल्या लॅब मिलिग्रॅममध्ये आकडा देतात, आणि काही "ब्लड युरिया" देतात, काही "बीयूएन", म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं माप. ७ मिलिमोल म्हणजे ब्लड युरिया साधारण ४२, पण बीयूएन साधारण २०. एकाची मर्यादा दुसऱ्याला लावली तर ब्लड युरिया ३० असलेल्या माणसाला फुकटचा गुण मिळतो, किंवा बीयूएन ३५ असलेल्याचा हक्काचा गुण जातो. कागदावरचं नाव वाचल्याशिवाय आकडा वाचू नये.

इथवर झालं ते आजार झाल्यावरचं. कुणाला होण्याची शक्यता जास्त, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर या भागाच्या कामधंद्यात आहे. निपाणीचा तंबाखू आणि विडी. वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूच्या धुळीत बसलेल्या. खानापूरकडची कौलं-विटांची कामं, त्यांची माती आणि भट्टीचा धूर. आणि सगळीकडे चूल: जन्मात विडी न ओढलेली बाई चाळीस वर्षांच्या धुरानंतर सीओपीडी घेऊन येते, आणि तिला "विडी ओढता का?" एवढंच विचारून पुढं सरकतात. त्यावर मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, मूत्रपिंडाचा आजार, वर्षभरात आधी झालेला न्यूमोनिया, पक्षाघात. पक्षाघातापाशी थोडं थांबू, कारण तिथे घरात रोज चूक होते.

अर्धांग झालेल्या माणसाला घास गिळता येत नाही, तेव्हा आपण म्हणतो, "पातळ द्या, लवकर उतरेल." आंबील, पेज, चहा. पडल्यापडल्या, चमच्याने, मान मागे करून. यातली प्रत्येक गोष्ट उलटी आहे. पातळ पदार्थ लवकर उतरतो हेच तर संकट. गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत तो श्वासनलिकेच्या तोंडाशी पोचतो. मान मागे केली की ती वाट आणखी उघडते. बसवता येईल तितकं ताठ बसवावं, पाठीला लोड, हनुवटी किंचित छातीकडे, अर्धा चमचा, आणि घास गिळल्याची खात्री करून पुढचा. नाचणीची आंबील खिरीइतकी घट्टसर चालते का ते बघावं. किती घट्ट हे माणसागणिक बदलतं. खाऊन झालं की अर्धा तास आडवं करू नये. खाताना खोकला आला, किंवा खाल्ल्यावर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा झाला, तर भरवणं थांबवून डॉक्टरला सांगावं. खोकला न येताही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून आवाज ऐकायचा.

तोंड स्वच्छ ठेवणं ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणाला ती औषध वाटत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या वृद्धाश्रमांच्या अभ्यासात दोन वर्षांत नेहमीसारखं चालू ठेवलेल्या गटातल्या १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला. जेवणानंतर ज्यांचे दात-हिरड्या नेमाने घासल्या त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होतं. दात नसलेल्यांनाही फायदा दिसला. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. आणि मिश्री म्हणजे दात घासणं नव्हे; ती तंबाखूच आहे.

गल्लीतल्या उपचारांबद्दल थोडक्यात. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या म्हाताऱ्याला न्यूमोनियासाठी नुसती ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी पुरत नाही. अशक्तपणासाठी म्हणून चढवलेली सलाईन हृदय कमजोर असेल तर फुप्फुसात पाणी करते. झोप आणणारं खोकल्याचं औषध कफ आतच ठेवतं. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला असेल तर थुंकीची क्षयरोगाची तपासणी आधी, लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक नंतर. ते क्षयालाही अर्धवट दाबतं आणि निदान लांबतं.

राहिला पैशाचा प्रश्न. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची जनआरोग्य योजना द्यायची म्हटल्यावर २०२३ मध्ये दोन राज्यांत केवढं रण माजलं. २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना केंद्राच्या योजनेचं ५ लाखांचं संरक्षण आहे. दोन्ही योजना मुख्यतः माणूस दाखल झाल्यावर कामाला येतात. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस मात्र सरकारी कार्यक्रमात फक्त बाळांसाठी आहे, २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर. म्हाताऱ्याला ती खाजगीत, काही हजार मोजून. नेदरलंड्समधल्या ६५ वर्षांपुढच्या ८४ हजारांवर लोकांच्या चाचणीत या लसीने, लसीत घेतलेल्या जंतूच्या जातींमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी कमी केला; सगळ्या कारणांचा न्यूमोनिया मिळून मोजला तर फरक ठळक नव्हता. तेव्हा ही सगळ्यांना वाचवणारी लस आहे असं सांगू नये. सरसकट पासष्टीपुढच्या सगळ्यांना फुकट द्या, ही मागणी ऐकायला छान असली तरी आम्ही ती करणार नाही. सीओपीडी, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले, यांच्यापासून सुरुवात करा. यांतल्या बऱ्याच जणांची नावं आशा कार्यकर्तीच्या वहीत आहेत. फ्लूची लस दरवर्षी, आणि ती एप्रिल-मेमध्ये, कारण आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते. दिवाळीनंतर आठवण झाली तर पावसाळा निघून गेलेला असतो.

आणि हे सगळं तपासून भरायचा एक छापील कागद हवा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे १९५६ सालापासून मान्य झालेलं आहे. त्या तत्त्वावर सातबाऱ्याची भाषा मागतो तशी या कागदाची मागू. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, म्हणजे कन्नड बोलणाऱ्या नर्सला मराठी प्रश्न कन्नड लिपीत वाचता येईल आणि मराठी आशाला कन्नड अहवाल भरता येईल. इथल्या बहुतेक आशांना दोन्ही भाषा येतात; त्यांच्यावर आणखी एक बिनपगारी काम पडेल, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून प्रत्येक कागदामागे मानधन ठरवूनच तो छापावा. वर श्वासाचा रकाना, शेजारी "पुरता एक मिनिट मोजले का? होय / नाही". मग बीपी, प्राणवायू, भ्रमाचे पाच प्रश्न. त्याखाली "उत्तर कुणी दिलं: रुग्णाने / नातेवाइकाने". आणि शेवटची ओळ रिकामी, घरच्यांच्या शब्दांत भरायची: परवा ही काय काय करत होती, आणि आज काय करत नाही.